तेरावा फर्मा

बाइंडरकाकांना लोक मागून 'काटकोन' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नसे. ज्याचे चारही कोपरे काटकोनात नाहीत ते पुस्तक नव्हे, पिशवी, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, त्याने विचारलेलं असो वा नसो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, चिकटवायच्या खळीचं भांडं, आणि भिंतीवर काकांनी स्वतः रंगवलेली पाटी : 'शिवण्याआधी जोड वाचा.'

ही पाटी कळली नाही तर पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून ती आधी सांगून टाकू. पुस्तक सुट्या पानांचं होत नसतं. एक मोठा छापलेला कागद घ्यायचा, मधोमध दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, आणखी एकदा दुमडायचा. झाली सोळा पानं. या घडीला फर्मा म्हणतात. असे बारा-तेरा फर्मे एकावर एक रचून प्रत्येकाच्या घडीतून दोरा ओवला की पुस्तक उभं राहतं. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, एक, दोन, तीन, त्या क्रमाने रचायचं. पण नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही. एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ वाचायची, वाक्य सरळ पुढे जातंय ना ते पाहायचं, आणि मगच सुईला हात घालायचा. ही काकांची शिस्त. चाळीस वर्षांत आपला एक फर्मा इकडचा तिकडे झाला नाही, असं ते छाती पुढे काढून सांगत. आणि वाचनालयातली मंडळी त्यांच्या शब्दाला मान देत ती याच एका गोष्टीसाठी.

त्या आठवड्यात वाचनालयाकडून दोन खोकी आली. वर अध्यक्षांची चिठ्ठी होती. 'हलकंफुलकं' अशी पट्टी लावलेलं अख्खं कपाट रिकामं करून पाठवतो आहे. पुस्तकं खिळखिळी झाली आहेत. ही पुन्हा शिवण्याच्या लायकीची आहेत की रद्दीत घालावीत, ते लेखी कळवा. निर्णय रविवारच्या सभेत. जागा झाली तर तिथे उपयुक्त ग्रंथ ठेवता येतील.

"लायकी," काका चिठ्ठी नाचवत म्हणाले. "शब्द कसा नेमका वापरलाय बघ."

काकू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि परत सरकवली. "तुमच्या एका कागदावर कपाट राहणार की जाणार, असंच ना?"

"असंच."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि एक शेंग जरा जास्तच जोरात मोडली.

काकूंना ते कपाट तोंडपाठ होतं. दर पंधरा दिवसांनी त्या तिथून दोन पुस्तकं आणत, आणि दर पंधरा दिवसांनी काका नाक मुरडत. काकांनी त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. तरी त्यांना त्यातलं सगळं माहीत होतं, आणि न वाचता इतकं माहीत असणं हा ते त्या पुस्तकांचाच दोष धरत.

खोकं उघडून ते एकेक पुस्तक दोन बोटांत, मेलेली पाल उचलावी तसं बाहेर काढू लागले.

"ही बघ. हिचं बटणांचं दुकान. ही मध विकणारी. ही लोकांच्या खुर्च्यांना वेत बसवून देते. धंदा एकीचाही चालत नाही, कारण दुसऱ्या प्रकरणात दारात मुडदा पडतो. कशाला पडतो? पोलीस यावेत म्हणून. पोलीस कशाला यावेत? त्यातला एक उंच असतो म्हणून."

"गालाला खळी पण असते," काकू म्हणाल्या.

"हो, खळी. नोकरीत त्याला तेवढ्याच भांडवलावर घेतलेलं असतं, कारण अक्कल कुणाच्या नजरेस पडत नाही. पुरावा सापडतो मांजराला. आणि खून झालेला माणूस असा, की ज्याच्यासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस काढू नये. खून होतो, रक्त सांडत नाही. सतरंजीसुद्धा खराब होत नाही."

"सतरंजी धुणाऱ्या बायकाच वाचतात ना," काकू म्हणाल्या. "तेवढी सवलत असू द्या."

"आणि शेवटी लग्न."

"लग्न नाही. शेवटी तो विचारतो. लग्न झालं की पुढचं पुस्तक कसं निघणार?"

काकांनी हात जोडले आणि चिमटा उचलला.

मत द्यायचं तर एक-दोन पुस्तकं उसवून कागदाची अवस्था पाहायला हवी. त्यांनी वरचंच घेतलं, 'बटणवालीचा तिसरा तर्क'. पुठ्ठा काढला, पाठीवरचा जुना कागद ओला करून सोडवला. त्या कागदाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख आणि सही होती. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, काका ती करत. तारीख बारा वर्षांपूर्वीची. मग दोरे कापून त्यांनी फर्मे सुटे केले आणि हाताच्या सवयीने बाराव्या फर्म्याची शेवटची ओळ वाचली.

'इन्स्पेक्टरने तिचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात'

तेरावा फर्मा सुरू होत होता : 'होडी उलटली.'

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. होडी उलटलेलीच होती. पुढच्या सोळा पानांत बटणांचं नावनिशाण नव्हतं. तिथे तळं होतं, वल्ही होती, आणि नायिका होड्या भाड्याने देत होती. काकांनी खोक्यात हात घालून 'तळ्याकाठचा शिट्टीवाला' बाहेर ओढलं आणि शेवटची पानं उघडली. तिथे बटणवाली बसली होती, दोन्ही हात इन्स्पेक्टरच्या हातात देऊन.



कसं झालं असेल ते त्यांना लगेच कळलं, आणि तेच जास्त झोंबलं. दोन्ही पुस्तकं एकाच मालिकेतली, एकाच मापाची, एकाच अक्षरात छापलेली. दोन्हींचे फर्मे तेरा, दोन्हीत तेराव्या फर्म्याचं पहिलं पान एकशे त्र्याण्णव. तळाला नुसता आकडा, पुस्तकाचं नाव नाही. बारा वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी उसवून टेबलावर पडली असतील, आणि काकांनी आकडे बघून भराभर रचून शिवली असतील. जोड वाचला नसेल. इतर प्रत्येक पुस्तकाचा वाचला, जुन्या पंचांगाचासुद्धा वाचला असता. या पुस्तकांचा वाचला नाही, कारण यातली एक ओळही आपण वाचणार नाही असं ते तेव्हाच बजावून बसले होते.

खुर्चीत बसून त्यांनी घोटभर पाणी प्यायलं. मग त्यांचं लक्ष मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तारखांच्या कागदाकडे गेलं. पुस्तक घरी नेलं की वाचनालय तिथे परतीच्या तारखेचा शिक्का मारतं. कागद भरला की त्यावर दुसरा. बटणवालीच्या पुस्तकात असे कागदांवर कागद चढून जाड पापुद्रा झाला होता. काकांनी शिक्के मोजले. एकशे त्रेसष्ट. शिट्टीवाल्याचे मोजले. तेही एकशे त्रेसष्ट.

हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. एवढ्या वेळा पुस्तक घरोघरी गेलं, लोकांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, बटणांच्या दुकानात सुरू झालेली गोष्ट तळ्यात बुडाली, आणि बारा वर्षांत एका वाचकाने तक्रार केली नाही. कोण कोणाचा खून करतो, कोण कोणाशी सूत जमवतो, काही फरक पडत नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात काही शिरतच नाही. आयुष्यभर जे ते म्हणत आले त्याचा याहून पक्का पुरावा कुठे मिळणार? त्यांना आभाळ ठेंगणं झालं. कपाट आता गेल्यात जमा होतं.

अडचण एकच होती. पुराव्याच्या पाठीत त्यांची सही होती.

संध्याकाळपर्यंत ते त्या अडचणीभोवती फेऱ्या मारत राहिले. मग कागद पुढे ओढून मत लिहून काढलं. पुस्तकं शिवण्याच्या लायकीची नाहीत, इथपासून सुरुवात करून शेवटी दोन पुस्तकांतल्या अदलाबदलीचा सगळा प्रकार, शिक्क्यांच्या आकड्यासकट. मधे एक लहानसं वाक्य : 'ही चूक मुळात छापखान्याची दिसते.' शाई वाळेपर्यंत त्यांनी त्या वाक्याकडे पाहिलं नाही.

काकांची शुद्धलेखनाची बाजू लंगडी. त्यामुळे घराबाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी काकूंच्या हाताखालून जाई. काकूंनी चष्मा लावला आणि संथपणे वाचलं. 'छापखान्याची' या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणी केलंय म्हणता?"

"छापखान्याने. दिसते, असं लिहिलंय. आहे असं नाही."

"आणि पाठीतल्या कागदावर पेन्सिलीने सही कोणाची? ती पण छापखान्यानेच केली असेल."

काकांनी दौतीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मुद्दा तो नाही. मुद्दा हा की एकशे त्रेसष्ट वाचकांना पत्ता लागला नाही."

"अस्सं." काकूंनी दोन्ही पुस्तकं पुढे घेतली. "तुम्ही दोन्हींचे शिक्के मोजलेत?"

"मोजले. बरोबर तेवढेच."

"मोजलेत, पण वाचले नाहीत. एवढी मोठी पाटी लावलीय भिंतीवर, जोड वाचा म्हणून." त्यांनी तारखांचे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "वाचा आता."

काकांनी वाचले. पहिले चार शिक्के दोन्हींवर वेगवेगळे होते. पाचव्यापासून खाली प्रत्येक तारीख सारखी. याच्यावर जी, तीच त्याच्यावर. पुढच्या बारा वर्षांत ही दोन पुस्तकं एकदासुद्धा एकमेकांना सोडून बाहेर पडली नव्हती.

"चौथी वाचणारी सिस्टर," काकू म्हणाल्या. सिस्टर म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त परिचारिका. "तिने पंधरा दिवसांत छडा लावला. होडीचा शेवट आहे म्हणजे होडीचं पुस्तक कुठेतरी असणार, आणि त्याच्या मागे बटणं असणार. कपाटातली सगळी शेवटची पानं तिने उभ्या उभ्या चाळली. मग माझ्याकडे आली. म्हणाली, तुमच्या ह्यांनी घोळ घातलाय."

"तुला माहीत होतं?"

"मला, सिस्टरला, ग्रंथपालबाईंना, आणि जी जी बाई ते कपाट उघडते तिला. पुस्तक मागितलं की ग्रंथपालबाई सांगतात, ही जोडी आहे, दोन्ही न्या. आधी एकाचे बारा फर्मे वाचायचे, मग दुसऱ्याचे. मग थांबायचं. दोन्हीकडचा खुनी कोण ते कागदावर लिहून ठेवायचं, आणि त्यानंतर शेवट उघडायचे. तिथली सगळ्यात आवडती पुस्तकं आहेत ती. तुमच्याच कृपेने."

"बारा वर्षं," काका म्हणाले. "बारा वर्षांत मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर धड जेवला नसता आणि मलाही जेवू दिलं नसतं. शिवाय पुस्तकं उसवून सरळ केली असती. आमची मजा गेली असती."

काका चिडले. "मजा. खुनी कोण हे चाळिसाव्या पानावर कळतं म्हणे. मग पुढची दीडशे पानं कसली मजा?"

"तिसाव्या पानावर कळतं," काकू म्हणाल्या. "खुनी कोण यासाठी वाचतंय कोण? अहो, त्या पुस्तकात एक बाई असते. दिवसभर दुकानात बसलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. आणि एक दिवस एक माणूस वही काढून तिला विचारतो, बाई, तुम्हाला काय वाटतं? आणि ती सांगून संपेपर्यंत मधे बोलत नाही."

"पण हे असं कुठे..."

"बघा," काकू म्हणाल्या. त्यांनी कागद काकांच्या पुढ्यात ठेवला, चष्मा मिटला आणि आत निघून गेल्या. शुद्धलेखनाच्या चुका तशाच राहिल्या.

रविवारी सभेला नेहमीपेक्षा गर्दी होती. समितीची मंडळी टेबलाभोवती, आणि मागच्या बाकांवर बायका. सिस्टर पहिल्याच बाकावर, पाठ ताठ. त्यांच्या बाजूला काकू. ग्रंथपालबाई दाराशी उभ्या. सभागृहाच्या एका भिंतीशी अध्यक्षांनी भेट दिलेलं काचेचं कपाट होतं. त्यात पाच जाडजूड खंड, जीवनाच्या अर्थाविषयी. अध्यक्ष प्रत्येक भाषणात त्यांचा उल्लेख करत, दरवर्षी एकदा पाचही खंड वाचून काढतो असं सांगत. गेल्या वर्षी काकांनीच त्यांना नवे पुठ्ठे चढवले होते.

"काका," अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, "त्या कपाटाविषयी तुमचं मत. थोडक्यात सांगितलंत तरी चालेल. आपण सगळे एकाच मताचे आहोत असं मी समजतो."

काका उभे राहिले. खिशातला कागद त्यांनी काढला, उलगडला, पुन्हा घडी केली. ती नेमकी काटकोनात झाली.

"पुस्तकं भिकार आहेत," ते म्हणाले.

अध्यक्षांनी मान डोलावली. मागच्या बाकावर कुणीतरी लांब श्वास सोडला.

"वाचलेली नाहीत मी. तरी भिकार आहेत, आणि ते मी मागे घेणार नाही. आता दुसरं सांगतो. त्यातल्या दोन पुस्तकांचे शेवटचे फर्मे उलटसुलट शिवले गेलेत. याचा शेवट त्याला, त्याचा याला. बारा वर्षांपूर्वी. चूक छापखान्याची नाही. माझी आहे. जोड न वाचता शिवलं."

चाळीस वर्षांचा शब्द पडतो तेव्हा आवाज होत नाही, पण माणसं खाली बघतात. काकांचे कान लाल झाले होते. ते थांबले नाहीत.

"मला वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हटलं, वाचतात की नुसती पानं उलटतात? तर तसं नव्हतं. चौथ्या वाचकाने चूक पकडली, दुसरं पुस्तक शोधून काढलं, आणि तेव्हापासून सगळ्या जणी दोन्ही एकदम नेतात. त्याचा पुरावा माझ्या हातात होता, तारखांचा, आणि तो मला दिसला नाही. मी आकडे मोजत बसलो." त्यांनी मागे पाहिलं नाही. "इतक्या बारकाईने वाचणारे वाचक मला या इमारतीत दुसऱ्या कुठल्या कपाटापाशी दिसलेले नाहीत."

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, बायकांच्या करमणुकीची तुलना आपण गंभीर वाचनाशी करायची का? समोरचे हे खंड घ्या. मी स्वतः दरवर्षी..."

"त्यांचंच विचारायचं होतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा. "कडा कापू नका, भारदस्त दिसतात, असं तुम्ही सांगितलं होतंत. मी कापल्या नाहीत. त्यामुळे दुसऱ्या खंडापासून पुढच्या सगळ्या फर्म्यांची पानं वरच्या घडीला अजून जोडलेलीच आहेत. सुरी घातल्याशिवाय ती उघडायची नाहीत. म्हटलं, वाचायला त्रास होत असेल. फोडून देऊ का?"

आधी सिस्टर खोकल्या. ते खोकणं नव्हतं. मग बाकांवरून हसू पुढे सरकत टेबलापर्यंत आलं, आणि समितीतल्या खजिनदाराला रुमाल शोधावा लागला. अध्यक्षांनी काचेच्या कपाटाकडे असं पाहिलं, जणू ते तिथे आजच कुणी आणून ठेवलंय. पुढचा विषय घ्यावा, असं तेच म्हणाले. हलकंफुलकं कपाट जागच्या जागी राहिलं.

सभा सुटल्यावर काका दाराशी ग्रंथपालबाईंना म्हणाले, "ती दोन पुस्तकं मी आधी नीट करून देतो. बटणं बटणांकडे, होडी होडीकडे."

"नको," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्या एरवी एवढंही बोलत नसत.

"नको म्हणजे?"

सिस्टर मधे पडल्या. "होती तशीच शिवा, काटकोनकाका." हे नाव तोंडावर घेणाऱ्या त्या पहिल्याच. "आमच्या नव्या मेंबर आहेत तिघी. त्यांना अजून मिळालेली नाहीत ती. वाटेल तेव्हा चूक करता, आणि आता मागतोय तर आढेवेढे घेता होय?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पिशवीत काहीतरी शोधत होत्या आणि ते त्यांना सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेबलाशी बसले. आपल्या हातांनी एकदा झालेली चूक त्याच हातांनी मोजूनमापून पुन्हा करायची, याहून मोठी शिक्षा कुठल्याही न्यायाधीशाला सुचली नसती. त्यांनी बारा फर्मे रचले, वर चुकीचा तेरावा ठेवला, आणि पाटीकडे पाहिलं. शिस्त ती शिस्त. इन्स्पेक्टरने तिचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात. होडी उलटली. जोड तपासून झाला, तो हवा तसा चुकलेला होता, आणि त्यांनी दाभण घेतलं.

शिवून झाल्यावर पाठीला कागद डकवण्याआधी पेन्सिलीने तारीख घातली, सही केली. कधीतरी कोणीतरी दुसरा बाइंडर हे पुस्तक उसवेल आणि आपल्याला मूर्खात काढेल, हे त्यांना सोसवेना. सहीखाली त्यांनी लिहिलं, 'फर्मा तेरा मुद्दाम बदललेला.' वाचून पाहिलं. खोडरबराने पुसलं. पुन्हा लिहिलं : 'फर्मा तेरा चुकला होता. वाचकांच्या सांगण्यावरून तसाच ठेवला.'

खळ लावायच्या आधी त्यांनी तो कागद आतल्या दाराकडे धरला.

"अगं, 'सांगण्यावरून'मधला ण बरोबर आहे का बघ."

काकू आल्या, वाचलं. "बरोबर आहे."

काकांनी खळीचा ब्रश उचलला, पण कागदाला लावला नाही. त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं? हलक्या आवाजात तो तिला काय म्हणाला असेल?"

काकूंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. काकांनी ब्रश भांड्यात ठेवून दिला.

"कशाला वाटायला हवं? मी वाचलंय ते," काकू म्हणाल्या. "पण आधी तुम्ही लिहून ठेवा, मग सांगते."

"भिकार," काका म्हणाले, आणि पेन्सिल उचलली.